सेवा सोडण्याचे कारण

चिखलीत विमान डोक्यावरून गेलं
की माणसं वाक्य अर्ध्यावर धरून ठेवतात.
भाजीवाली भावाचा आकडा, भटजी मंत्राचं शेवटचं अक्षर.
नऊ-दहा सेकंद. मग तिथूनच पुढे.
तेवढ्या वेळात मी आवाजावरून इंजिन ओळखतो.
कुणी विचारलेलं नसतं.

अर्ज जेवणाच्या टेबलावर आहे, मिठाच्या बरणीखाली.
तांत्रिक शाखा, पुनर्नियुक्ती, एव्हियॉनिक्स.
शेवटची तारीख चवथीनंतरचा सोमवार.
सातवा रकाना : सेवा सोडण्याचे कारण.
दोन इंच जागा.
तेव्हा मी ‘घरगुती’ लिहून सुटलो होतो.
घरगुती म्हणजे वडिलांचं डायलिसिस,
आठवड्यातून दोनदा मडगाव,
म्हणजे ‘बाबा कुठंय?’ विचारल्यावर
फोनकडे बोट दाखवणारी युगा.
वडिलांना जाऊन दोन वर्षं झाली.
युगा आता मला माझ्याच चुका दाखवते.

खारीवाड्याच्या जेटीवर
ट्रॉलरवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करतो सध्या.
आगुस्तीन येतो, म्हणतो, पडद्यावर बांगडाच बांगडा,
आणि जाळ्यात एक चप्पल.
मी कनेक्टर उघडतो, आतला हिरवा गंज
जुन्या टूथब्रशने घासून काढतो.
पैसे मिळतात, कधी पैशांऐवजी इसवण.
काम वाईट नाही.
फक्त, इथे माझं चुकलं तर कुणी मरत नाही,
आणि सांगायला लाज वाटते
की मला त्याचीच चुटपुट लागते.

तिथे रोज संध्याकाळी पाने मोजायचे.
फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती,
एक आकृती जरी रिकामी दिसली तर विमान जमिनीवर.
एकदा दहा नंबरचा पाना सापडेना,
आम्ही सोळा जण हँगरात गुडघ्यांवर, पहाटे चारपर्यंत.
शेवटी शिजूच्या बुटात निघाला.
तो शिजू आता चीफ आहे.
गेलो तर सलाम मी ठोकायचा.
‘सर, तुम्ही या तर खरं,’ फोनवर म्हणाला,
सर त्याच्या तोंडातून अजून जात नाही.
पण नव्या विमानांत तारा कमी,
बावीस वर्षांची पोरं लॅपटॉप जोडून दुखणं वाचतात.
माझी बोटं तिथे काय करतील,
खिशात जातील बहुतेक.

मागच्या पडवीत मी तशीच फळी केलीये.
सुलक्षाने चेष्टेत तिच्यावर
आपल्या उलथण्याचीही आकृती काढून घेतली.
उलथणं कधी जागेवर नसतं.

काल माटोळी बांधली.
शेजारी केवणीच्या दोरांनी बांधतात,
मी ट्रंकेतली लॉकवायर काढली,
इंचाला सात पीळ,
ओढ नेहमी घट्ट होण्याच्या बाजूला.
तोरिंग, आंबाडे, कांगलं, सुपारीचा कातरा.
युगाने काठीने ढोसून पाहिलं, एक आंबाडा हलेना.
‘काढताना पक्कड लागेल,’ सुलक्षा म्हणाली.
‘मी आहे ना.’
‘यंदा आहेस.’
तिने हे रागाने म्हटलं नाही,
दिवाळीचं सामान लिहावं तसं म्हटलं.

रात्री विचारलं, काय करू?
‘तुजें तूं पळय,’ ती म्हणाली.
भांडी विसळून झाल्यावर परत आली, हात पुसत.
‘एक सांगू? तुझे वडील जायच्या आधी मला...’

विमान.

तिने वाक्य धरून ठेवलं.
मी खिडकीशी गेलो.
उजव्या इंजिनाला बारीक शिट्टी होती,
कुठेतरी हवा गळत असणार, सील असेल,
नाहीतर क्लॅम्प.
परत वळलो तेव्हा शांतता बराच वेळ झालेली होती.
‘हं, वडील काय?’
ती माझ्याकडे बघत होती.
‘आधी तू सांग,’ म्हणाली,
‘काय झालंय त्याला?’
मी सांगू लागलो. हातांनी क्लॅम्प दाखवला, सील दाखवलं,
तिला काही कळत नव्हतं आणि ती ऐकत होती.
ऐकता ऐकता तिने बरणी उचलून फडताळात ठेवली.

सातव्या रकान्यावर
मिठाचा गोल, ओलसर डाग.