टोकाची पेटी

पालिकेच्या कागदावर माझं काम एका ओळीचं:
आठवड्यातून दोनदा, सहा पेट्या, प्रत्येकी वीस लिटर.
पेट्या लाकडी, माझ्या कमरेएवढ्या,
लिंडेन रस्त्याच्या तोंडाशी तिरक्या मांडलेल्या.
आत लॅव्हेंडर, सेज, आणि आपसूक उगवलेलं काहीबाही.
मागे पाटी: आरपार जाता येणार नाही.

ब्रसेल्समध्ये बावीस वर्षं झाडांना पाणी घालतोय.
फुलझाडांवर इतकं रागावलेलं
मी आजवर कुणाला पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली.
ओदिल फानहूफ उभी राहिली, हातात वही.
पूर्वी, सकाळी सात ते नऊ, खिडकीत बसून मोजलेल्या गाड्या:
एक हजार एकशे बारा.
"त्यातल्या अकराशे," ती म्हणाली,
"इथं कुणाकडेच येत नव्हत्या."

मागच्या गल्लीतला इल्हामी उठला,
कोपरावर बेकरीचं पीठ तसंच.
त्यानं वही आणली नव्हती.
"त्या अकराशे," तो म्हणाला,
"आता माझ्या आईच्या उशाशी हॉर्न वाजवतात."

थोडक्यात, वड्याचं तेल वांग्यावर.
मग सगळे एकदम बोलले,
डचमध्ये, तुर्कीत, अरबीत, लिंगालात.
शिव्या मात्र सगळ्यांनी फ्रेंचमध्येच दिल्या,
समोरच्याला कळाव्यात म्हणून.

त्यानंतर पेट्यांत मला सापडलं:
थोटकं, अर्धा कबाब, लहान मुलाचा डावा बूट,
एकदा पेट्रोलचा वास.
फळीवर खडूनं कुणी लिहिलेलं: स्वातंत्र्य.
खाली, दुसऱ्या हस्ताक्षरात: कुणाचं?
मी दोन्ही तसंच ठेवलं. पुसणं माझ्या कागदावर नाही.

आणि हेही सांगायला हवं, की
जूनमध्ये इल्हामीची मुलगी सायकल शिकली ती इथंच,
ज्या रस्त्याविरुद्ध तिच्या बापानं
चारशे सह्या गोळा केल्या होत्या.
तो कोपऱ्यावर उभा, हाताची घडी घालून,
ती पडली की एक पाऊल पुढे, मग परत मागे.
मला म्हणाला, "तू काही पाहिलं नाहीस."

पेट्या रात्री सरकतात.
पाणी प्यायलेली एक पेटी साडेचारशे किलो,
तरी सकाळी बघावं तर टोकाची हललेली,
दगडी फरशीवर ओरखडे.
ओदिलनं पालिकेला चौदा पत्रं लिहिली.
प्रत्येकात अपराधी इल्हामी,
नाव न घेता, पण पिठासकट.

ऑक्टोबरात माझी पाळी पहाटे पाचला लागली.
टाकीची गाडी उभी केली, आणि पाहिलं:
पेटीला पाठ लावून, टाचा रोवून कुणीतरी ढकलतंय.
रबरी चपला. रात्रीच्या गाऊनवर पुरुषी कोट.
ओदिल.
आणि दुसऱ्या टोकाला, लोखंडी कडीत बोटं घालून
ओढणारा तो, पांढऱ्या हातांचा.

मागे डायलिसिसची गाडी, दिवे लुकलुकत.
आत तिचा लांबेर, मांडीवर उशी घेऊन.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
मागच्या गल्लीतून वळसा अकरा मिनिटांचा,
बाजाराच्या दिवशी पंचवीस.

गाडी गेली. दोघांनी पेटी परत लावली,
जराशी वाकडी.
एकमेकांना काही म्हणाले नाहीत.
तो भट्टीकडे गेला, ती घराकडे.
सोमवारी पंधरावं पत्र आलं:
पेट्या कोण सरकवतं, त्याचा छडा लागलाच पाहिजे.

नोंदवहीत रकाना असतो, 'कारण'.
मी लिहिलं: वारा.
साहेबांनी विचारलं, साडेचारशे किलो?
म्हटलं, कोपऱ्यावर जोरात वाहतो.

टोकाच्या पेटीत मी हल्ली आठच लिटर घालतो.
बारा किलोनं काय होणार, मलाही कळतं.
पण लॅव्हेंडरला तसंही
फार पाणी सोसत नाही.