केसभर फुगवटा

साजाच्या भंगारवाड्यात गुलमत खान माल किलोवर विकतो.
त्याच्याकडे कशालाच नाव नसतं, वजन असतं.
मी गुडघ्यावर बसून एकेक तुकडा
रॉकेलच्या डब्यात बुडवतो, वायरब्रशनं घासतो
आणि विचारतो : बाबा रे, तू कुणाचा?

चौदा महिने झाले. गानिम शेठची बेडफर्ड,
कुठल्याशा इंग्रजी पलटणीनं मागे टाकलेली,
शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी आहे.
डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे.
हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी पाच स्टड पिळून तोडलेत.
मी त्याला रोज शिव्या देतो. रोज वाटतंही,
असेल बिचारा पहिल्याच वर्षाचा,
व्हिसा नवा, सांगणारं कोणी नाही.

वडील खडकीच्या डेपोत होते. म्हणायचे,
पार्ट नंबर खोटं बोलत नाही, पण गंजला की मुका होतो.
मग बोटांनी वाचायचं.
आटे गेजनं मोजायचे.
बाणाची बारीक खूण सापडली तर सरकारी.
जीभ लावून बघू नकोस, असं बजावायचे
आणि स्वतः लावायचे.

तसे बरेच ओळखले मी.
खिडकीचं हँडल म्हणून आलेली कडी
छपरावरच्या झाकणाची निघाली.
थंकप्पन टर्नर जिच्यात सिगरेट विझवायचा
ती एअर क्लीनरची तेलथाळी.
तिच्यावरून दोन दिवस अबोला.

पण पोत्याच्या तळाचा हा एक.
ओतीव लोखंड, ताटाएवढं, मधल्या भोकात दहा खाचा.
विंचच्या दांड्यावर चपखल बसतो.
बसतो, पण पुस्तकात नाही.
तिन्ही पुस्तकं चाळली, सुट्या भागांच्या चित्रांतली
प्रत्येक रेघ बोटानं टोकापर्यंत नेली.
शेठ म्हणाला, फौजेचा नाही ना? मग फेक.

दुपारची सक्तीची सुट्टी. बाहेर पत्रा तडतडत होता.
उगीच हाताला चाळा म्हणून
त्याच्या कडेवर स्टीलची पट्टी आडवी धरली,
तर दोन्ही टोकांखालून उजेड आला.

सपाट नव्हता.
मध्ये केसभर फुगवटा.

पट्टा नेहमी उंचवट्याकडे सरकतो,
म्हणून पट्ट्याच्या पुलीला असं पोट ठेवतात.
हे खडकीनं नाही शिकवलं, भोरकडच्या मामाच्या इंजिनानं शिकवलं :
पट्ट्याला राळ लावायची, धोतर सांभाळायचं,
आणि पाणी पाटात उतरेपर्यंत कुणी बोलायचं नाही.
पण फौजेच्या ट्रकला पट्टा? इथे, वाळूत?

शुक्रवारी शेठचे वडील आले, सालिम बिन हुमैद.
काठी टेकत बाकापाशी थांबले. हसले.
मोडक्या हिंदीत म्हणाले, ये तो तवी का है.
तवी म्हणजे विहीर.
पलटण गेली, गाड्या लिलावात निघाल्या,
दिगदागात अशा तीन होत्या.
चाकं काढून विहिरीच्या काठाला उभ्या केलेल्या,
रात्रभर पाणी उपसायच्या.
खजूर, तंबाखू, गुरांचा घास, सगळं त्यांच्यावर.
मग पाणी खारट झालं.

पुली कुणी ओतली, मी विचारलं.
होता एक. नाव विसरलो. चहा फार प्यायचा.

ही त्या तिघींतलीच का, हेही विचारलं.
म्हातारा गाडीजवळ गेला,
मडगार्डाखाली हात घालून बराच वेळ काहीतरी चाचपत राहिला.
बोलला नाही.

मी वहीत नोंद केली.
नंबर : नाही. खूण : नाही.
नाव : विहिरीची पुली. बसते : विंचच्या जागी.
वजन अकरा किलो. किंमत : पोत्याबरोबर फुकट.

गाडीला आता हिरवा रंग चढतोय.
शेठ अजून म्हणतो, फेक.
म्हातारा दर शुक्रवारी येतो, खुर्ची ओढतो,
आणि बाकावर ती दिसली नाही
तर सलामाच्या आधी तेवढंच विचारतो.