चौदा फेरे

ज्या महिन्यात कर्जावर सह्या झाल्या
त्याच महिन्यात माझी मुलगी झाली.
मुदत पंचवीस वर्षं, पहिली पाच ग्रेस पीरियड.
करार मराठीत कुणीच मागितला नव्हता,
तरी रात्री पाळणा हलवताना मी शब्द लावून बघायचो:
ग्रेस म्हणजे कृपा? सूट? दम?
बायको म्हणाली, अंगावर पिणाऱ्या लेकराला
कुणी हिशेब विचारत नाही, तेच असेल.

बँकेची बाई जूनमध्ये लश्करला आली.
गोल पहाडिया चढताना दोनदा बूट झटकले,
तिसऱ्यांदा हातातच घेतले.
बाई चांगली होती. नेमकं विचारायची:
माणशी लिटर किती, गळती किती टक्के,
पाण्यासाठी महिन्याला किती द्यायची तयारी आहे.
मी कनिष्ठ अभियंता, मीच दुभाषी.
इंग्रजीतून घ्यायचं, हिंदीत द्यायचं,
मराठी मधल्या मध्ये गिळायची.

हरगोविंद कुशवाह चावीवाला.
खांद्यावर लोखंडी चावी, त्याच्याहून उंच.
लिटर त्याला ठाऊक नव्हते.
म्हणाला, जनकगंजला नऊ फेरे, लक्ष्मीगंजला अकरा,
इथे वर चढवायचं तर चौदा,
गल्लीत लग्न असलं तर सोळा.
मी रकान्यात लिहिलं: माहिती उपलब्ध नाही.

भूरीबाई बाथमला विचारलं, किती द्याल?
ती म्हणाली, रोज दोन तास देतेच आहे,
त्याचे किती लावता?
बाईनं मला पुन्हा विचारायला लावलं.
मग त्या दोन तासांना मजुरीच्या दरानं गुणलं,
आणि परिशिष्ट चारमध्ये
प्रकल्प परवडू लागला.

पुढचं सगळ्यांनाच माहीत आहे.
रस्ते खोदले, ठेकेदार पळाला, पुन्हा निविदा.
पंचेचाळीसचा डॉलर नव्वदीकडे निघाला,
जमिनीत गेलेली नळी तेवढीच राहिली.
पण पाणी वर चढलं. हे मी खोटं म्हणणार नाही.
भूरीबाईनं पहिलं बिल लॅमिनेट करून घेतलं.
रक्कम बघायला नाही;
तिच्या नावाचा, घर नंबर असलेला
तो पहिलाच कागद होता.
राशनकार्ड त्यावर झालं, नातवाची शाळा त्यावर.
अंतिम अहवालात याला ओळ नाही.

मुलगी आता बावीसची. परवा विचारत होती,
बाबा, हे कर्ज कुणी घेतलं?
आपण.
मला कधी विचारलं होतं?
तू पाळण्यात होतीस, म्हटलं.
म्हणाली, बँकेला पत्ता दिलात तर माझाच की.

आता कंट्रोल रूम आहे, भिंतभर पडदा,
हिरवे ठिपके, लाल ठिपके.
वीज गेली की पडदा आंधळा,
मग निवृत्त हरगोविंदला फोन जातो.
काल मुलगी हट्टानं बरोबर आली.
त्यानं चावी तिच्या हातात दिली, स्वतः मोजत राहिला,
ग्यारह, बारह, तेरह.
चौदावा तिच्याच्यानं फिरला नाही.
पाणी निम्म्या पहाडीपर्यंत गेलं.