माया

इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत.
मिस ॲक्रॉइड. वय आमच्या केदारएवढंच.
पडद्यावर माझा उजवा खांदा,
हडर्सफील्डच्या आभाळासारखा करडा,
आणि त्यात एक पांढरी फट.
"तीन सेंटिमीटर," ती म्हणते.
मी मनात इंच करते. सव्वा, जरा कमीच.

मग ती वाटा सांगते.
दुर्बिणीनं, तीन भोकांतून.
किंवा उघडून, बोटभर चीर, सगळं डोळ्यांसमोर.
हाडात खुंट्या मारून टाक्यांची एक ओळ,
किंवा दोन. दोन घट्ट बसतात, पण...
पण दोरा टिकतो, कापडच सुटतं, मी म्हणते.
ती पेन खाली ठेवते.

एकतीस वर्षं किंग स्ट्रीटवरच्या ड्रायक्लीनरकडे
मागच्या खोलीत बसून
बाह्या आखूड केल्या, कंबरा सैल केल्या.
मिसेस डायसननं नवऱ्याचा कोट आणला होता,
तो गेल्यावर, स्वतःच्या मापाचा करायला.
याच हातानं केला.
उसवलं की आधी एकच बघायचं:
शिंप्यानं आत माया किती सोडलीय.

तिला हा शब्द सांगितला.
दुमडीत राखलेलं जास्तीचं कापड,
पुढे लागेल म्हणून.
त्याचा दुसरा अर्थ सांगितला नाही.

ती परत पडद्याकडे वळते.
कड मागे सरकलीय, स्नायूत चरबी शिरलीय.
ओढून आणलं तर ताण येईल.
मग ठिगळ, कुणा दात्याच्या कातडीचं.
नाहीतर सांधाच उलटा बसवायचा,
गोळ्याच्या जागी खोबण, खोबणीच्या जागी गोळा.
मला हसू येतं. उलटी घातलेली बाही!

रात्री केदार क्रॉयडनहून टक्के वाचतो.
कुणाचे पुन्हा फाटले, कितव्या महिन्यात.
पासष्टीच्या पुढचा आकडा आला
तेव्हा त्याला खोकला आला.

सहा आठवडे हात झोळीत.
केस कोण विंचरणार, ब्लाऊजचे हूक कोण लावणार?
शेजारची मॉरीन म्हणाली, मी आहे ना.
तिचे हात थरथरतात.

दुसऱ्या खेपेला मिस ॲक्रॉइड विचारते,
"तुम्ही असता तर काय केलं असतं?"
हे खरं तर मी विचारायचं.
आधी उसवून बघितलं असतं, मी म्हणते.
आतलं कळल्याशिवाय
गिऱ्हाइकाला शब्द दिला नसता.

ती लिहिते: दुर्बीण. पुढचं आत गेल्यावर.
मी डाव्या हातानं सही करते,
कच्च्या टाक्यासारखी, लांब लांब,
नंतर ओढून काढता येईल अशी.