बेत

हेल्मेट घालून बस, म्हणाली स्टेइनुन आत्या,
आणि श्वास सोड. फुगून बसू नकोस.
माझ्या डोक्यावर तिने उभी मूठ ठेवली,
मुठीवर खडूची रेघ मारली.
एवढी जागा तुझी. त्यापुढे नळी.

जानेवारी. हुसाविकच्या बंदरामागची शेड,
शेजारी मासळी सुकवतात,
वास लोखंडालाही लागलेला.
सूर्य अकराला आला, तीनच्या आत गेला.
मधोमध ब्रॉन्को, सीट तेवढी ठेवून आतून सोललेली.

नळी गार असतानाच वाकवायची, घाई न करता.
नव्वद हवेत तर ब्याण्णव वाकव, ती म्हणते,
दोन अंश लोखंड परत घेतं.
मग टोकाला माशाच्या तोंडाची खाच,
म्हणजे एक नळी दुसरीला घट्ट चावून बसते.
(या गावात हे कुणाला समजावावं लागत नाही.)

बाबा स्टुलावर. त्यांची मान आता वळत नाही,
ते सबंध अंगाने वळून बघतात.
त्यांचा पिंजरा नुसत्या पत्र्यावर होता, चार बोल्टांवर.
खाणीच्या उतारावर तिसऱ्या कोलांटीला
एक पाय पत्रा फोडून खाली गेला,
शिवताना सुई जाते तसा, आवाजसुद्धा न करता.
जिवावर बेतलं, एवढंच घरात बोलतात.

आत्याने पायांखाली जाड प्लेटा घेतल्या, दीड वीत,
चासीच्या मापाने कापलेल्या.
पण वरचे सांधे टपाला टेकलेले,
वरून टॉर्च जाईना.
तीन बाजूंनी वेल्ड केला तर चालेल का, मी विचारलं.
तिने उत्तर दिलं नाही. कॉफी संपवली,
तळाला चार भोकं पाडली
आणि अख्खा पिंजरा खाली सोडला,
पाय थेट शेडच्या फरशीवर.
वर हात फिरेल एवढी फट.
त्या फटीत ती झोपून राहिली रात्री दहापर्यंत,
ठिणग्या कॉलरमध्ये.

उचलताना चौथा कोपरा बाबांनी धरला.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नकोही म्हटलं नाही.
प्लेटा सरकवल्या, टाके मारले.

परत हेल्मेट. परत मूठ.
बोटभर जागा कमी.

आत्या खडूची रेघ बघत राहिली,
मग नळीकडे, मग ग्राइंडरकडे.
बाबा सबंध वळले.
सीट खाली घे, म्हणाले,
माझं माप टोपी घालून घेतलं होतं.
लोकरीची.

मी उतरलो. सीटचे बोल्ट गंजलेले होते,
पहिला सुटायलाच साडेअकरा झाले.