मागच्या सीटचा हिशेब

मार्च संपत आलाय, तरी कॅल्युमेटमध्ये
बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकलेला.
शोरूमच्या फरशीवर आमच्या बुटांचं खारट पाणी,
आणि कोस्टेकी नावाचा विक्रेता
मागचं दार उघडून सांगतोय :
हा पट्टा फुगतो.

नेहमीचा पट्टा कसा, सपाट,
मानेला कापणारा.
हा जाड. गोधडीच्या काठासारखा भरीव.
आत घडी घालून ठेवलेली एक पिशवी.
धडक बसली की तिच्यात थंड वायू भरतो,
पापणी लवायच्या आत छातीभर पसरतो,
एका रेषेवरचा मार
सगळ्या बरगड्यांना थोडा थोडा वाटून देतो.
जादा पैसे किती,
ते त्याने आवाज उतरवून सांगितलं.

मी रस्तेखात्यात फोन घेते. रात्रपाळी.
कुठला प्लाऊ कुठे धाडायचा,
कुठल्या वळणावर कोण घसरलं.
लोक आधी गाडीचं सांगतात,
मग स्वतःचं,
मग थांबतात, आणि म्हणतात, मागे आई होती.
ते थांबणं किती लांब असतं, मला माहीत आहे.
तेव्हा पट्टा घ्यावा का, हा प्रश्नच नव्हता.
प्रश्न होता, कोणासाठी.

सासूबाई, लेम्पी, वय एक्क्याऐंशी.
मागच्या हिवाळ्यात नुसत्या खोकल्याने
त्यांची एक फासळी मोडली.
आणि ओत्सो, चार वर्षांचा,
त्याच्या खुर्चीच्या पुस्तिकेत, काळ्या चौकटीत :
फुगणाऱ्या पट्ट्याने ही खुर्ची बांधू नये.

घ्या. म्हातारीच्या छातीला जे हवं
तेच नातवाच्या खुर्चीला वर्ज्य.

मधला पट्टा साधाच आहे, कोस्टेकी म्हणाला.
खरंय. पण खुर्ची मधे ठेवली
की लेम्पीचं बक्कल तिच्याखाली दबतं.
आम्ही ठेवून पाहिली. दोनदा.
मग कडेला, सीटच्या फटीतल्या कड्यांना अडकवायची,
तर कड्या पासष्ट पौंडांपर्यंतच,
त्यात खुर्चीचंही वजन आलं.
खुर्ची चोवीस. ओत्सो अडतीस.
पावतीच्या पाठीवर मी वजाबाकी केली :
उरले तीन पौंड.
म्हणजे ब्लूबेरीचा एक मोसम, फार तर दोन.

सेन्याला फक्त खिडकी हवी होती.

नवरा कंटाळला. साधेच घेऊ, म्हणाला,
आपण नाही का त्यातच मोठे झालो?
लेम्पी तोवर गप्प होत्या.
"आम्ही तर पट्ट्याशिवायच मोठे झालो, ऑस्मो.
जे झाले नाहीत, ते सांगायला येत नाहीत."
कोस्टेकीने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

मग त्या वाकल्या,
वेलदोड्याच्या पावाची कणीक दाबून बघतात
तसा अंगठ्याने पट्टा दाबला,
आणि म्हणाल्या, "अजून फुगायचाय."
न फुगो, मी मनात म्हटलं,
आणि सही केली.

एप्रिलमध्ये गाडी आली.
आणि ज्याचा हिशेब कुणीच केला नव्हता ते पुढे आलं :
बक्कल जाडजूड, पाती रुंद,
आणि लेम्पीची बोटं
सांध्यांत गाठी पडलेली.
एकदा. दोनदा. पाती खाचेशी जाऊन परत येई.
मी दार धरून उभी,
थंडी आत शिरतेय,
मदत करू का विचारलं तर रागावतील म्हणून
सरोवराकडे बघत.

ओत्सो अजून खुर्चीत बांधला नव्हता.
तो मधल्या जागेवर गुडघे टेकून बसला,
दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून,
अडतीसच्या अडतीस पौंड,
टक्.

मग मी रोज त्याचा पट्टा तपासते
तसा त्याने तिचा तपासला,
खाली बोटं घालून :
दोनच मावायला हवीत, मुम्मो.
त्याची बारीक, म्हणून त्याने
तीन घातली.