परत आलेलं लुगडं

वडगावात, मागच्या दारी,
हापसा आणि टाकीच्या मधे
दोन चादरी अंथरता येतील एवढी माती.
तिथं गाजरं टाकली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी,
बी वाळूत कालवून, चिमटीचिमटीनं.

यंत्रमाग चालू असला की मला काहीच दिसत नाही.
ऐकू येत नाही असं म्हणायला हवं,
पण दिसतही नाही, खरंच.
त्या दिवशी सूत आलं नव्हतं, माग गप्प,
आणि मला मावा दिसला.
देठांच्या बेचक्यात कुणी राळे सांडावेत तसा,
हिरवट, दाट, बोट लावलं तर चिकट.
मुंग्या वरखाली करत होत्या,
धारा काढायला गोठ्यात आल्यासारख्या.

बंबातली राख चाळून टाकली.
सकाळच्या दहिवरात तिचा चिखल झाला.
लसूण-मिरची वाटून, गाळून मारली,
दोन दिवस माझेच डोळे चुरचुरले,
मावा शिंकलासुद्धा नाही.
निपाणीहून बाळेशनं तंबाखूची भुकटी पाठवली,
बिस्किटाच्या डब्यात, वर खडूनं लिहून: खायची नाही.
ती अजून फळीवर आहे.
डबा उघडला की घरभर तो येऊन बसतो.

मग लुगडं काढलं.
शहापूरच्या शेटनं परत केलेलं,
ताणा विरळ पडला होता.
उजेडासमोर धरून तो म्हणाला होता, यातून चंद्र दिसेल.
त्या महिन्याच्या हिशेबातून त्यानं चंद्राचे पैसे कापले.
चार काठ्यांवर ते ताणलं,
काठ मातीत पुरला, वर विटा.
कुणाच्या अंगाला चाललं नाही ते
गाजरांना मापात बसलं.

तरी आत काहीतरी होतंच.
काळे, लांबट, सुसरीच्या पिल्लासारखे,
पाठीवर नारिंगी ठिपके, चालणं गुर्मीचं.
चहाच्या आधी मी पदर उचलायची, लुगड्याचा,
आणि चपलेची टाच.
भिंतीवर कोळशानं रेघा मारत गेले:
अकरा. सात. नऊ. मग चार.
कमी होतायत म्हणून बरं वाटायचं.

नीलव्वा विळी मागायला आली.
सव्वीस वर्षं ती कानडीत विचारते, मी मराठीत देते,
भांडण जी भाषा हाताला लागेल तिच्यात.
निघताना तीही आमच्यासारखंच म्हणते, 'मी येतो ग.'
त्या दिवशी निघाली नाही.
माझी टाच वर, आणि तिनं माझं ढोपर धरलं.
'अय्यो, याक कोल्लाकत्ती?'

एक उचलला तिनं, नखावर,
आणि माव्याच्या देठाशी सोडला.
त्यानं एक धरला. खाल्ला.
दुसरा. तिसरा.
आम्ही दोघी उकिडव्या बसलो होतो,
हुरड्याला बसलेला पाहुणा बघावा तशा.
'मोठा झाला की लाल होतो,' ती म्हणाली,
'ठिपक्याचा. बोटावरनं उडवायचो बघ लहानपणी.'

उडवला होता मी.
तर्जनीच्या टोकापर्यंत चढू द्यायचा, मग फुंकर.
त्याला लेकरं असतील,
आणि ती अशी दिसत असतील,
हे कधी मनातच आलं नव्हतं.

एकतीस.
रेघा पुसायला गेले ओल्या फडक्यानं,
कोळसा पुसला जात नाही, पसरतो.

नीलव्वाच्या भिंतीकडची वीट काढली,
काठ वीतभर वर खोचून ठेवला.
येणारा येईल.
मुंग्यांच्या वाटेवर तेवढी राख ओढली, आता कोरडी होती.
मग सूत आलं, माग सुरू झाला,
मला परत दिसेनासं झालं.

भोगीला उपटली.
एक तंगड्या पसरून बसलेलं,
दोन एकमेकांना वेटोळं घातलेली,
बाकीची करंगळीएवढी, पण लाल.
भाजीला पुरली, दोन्ही घरच्या.
एक पोखरलेलं निघालं, कशानं ते ठाऊक नाही.
पोखरलेलं तेवढं कोरून काढलं
आणि उरलेलं तिथंच हापशावर धुऊन खाल्लं, मातीसकट थोडं.

सून म्हणते, भिंतीला चुना मारून घेऊ.
घेऊ म्हटलं.
पुढच्या दसऱ्याला.